बँकॉकपर्यंत चार तास, त्यापुढे आठ तास : शेलूच्या तरुणाने हा हिशेब का मांडावा?

शेलूहून सीएसएमटीपर्यंतचे अंतर ऐंशी किलोमीटरच्या थोडे वर आहे आणि लोकलने त्याला साधारण पावणेदोन तास लागतात. येऊन-जाऊन साडेतीन तास, आणि स्टेशनपर्यंतची रिक्षा व गाडीची वाट धरली तर चार तास सहज होतात. मुंबईहून बँकॉकचे अंतर सुमारे तीन हजार किलोमीटर. विमान ते चार ते साडेचार तासांत कापते. म्हणजे नोकरीसाठी रोज मुंबई गाठणारा शेलू-नेरळ-वांगणी पट्ट्यातला मुलगा एका दिवसात लोकलमध्ये जेवढा वेळ उभा असतो, तेवढ्याच वेळात तो दुसऱ्या देशात उतरू शकतो.

परदेशातल्या नोकरीचे आमिष दाखवणारा एजंट नेमका हाच हिशेब पुढे करतो. 'लांब नाही रे, चार तास. व्हिसाही लागत नाही.' दोन्ही वाक्ये तशी खरी आहेत, म्हणूनच ती घातक आहेत. तो जे सांगत नाही ते बँकॉक विमानतळाच्या बाहेर सुरू होते.

मिनिटांची आणि तासांची जाहिरात आपल्या भागाला नवीन नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत वांगणीपासून कर्जतपर्यंत रुळाच्या दोन्ही अंगांना ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्या सगळ्या मिनिटांवर विकल्या गेल्या. स्टेशन पाच मिनिटांवर, हायवे दहा मिनिटांवर, विमानतळ अमुक मिनिटांवर. ही मिनिटे कोणाच्या गाडीने, पावसाळ्यातल्या कोणत्या रस्त्याने, हे कोणी विचारायचे नाही. त्याच शेलू-वांगणीत गिरणी कामगारांना घरे देण्याचा सरकारी प्रस्ताव आला, तेव्हा ९ जुलै २०२५ रोजी गिरणी कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले आणि त्यांनी सांगितले की आम्हाला मुंबईतच घर हवे. काहींना तो हट्ट वाटला. मला तो अंतराचा अचूक हिशेब वाटला. ज्यांच्या घामावर मुंबई उभी राहिली, त्यांना त्या शहरापासून पावणेदोन तास लांब नेऊन ठेवणे म्हणजे काय, हे त्यांना किलोमीटरमध्ये नव्हे तर आयुष्याच्या तासांत कळले होते. (शेलूत राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी या आंदोलनाकडे 'आमच्या गावाला नाक मुरडतात' असे पाहू नये. त्यांचा राग गावावर नव्हता.)

आता हाच हिशेब बँकॉकच्या पुढे लावून पाहू.

थायलंडच्या पश्चिम टोकाला, ताक प्रांतात, माए सोट नावाचे शहर आहे. बँकॉकच्या डॉन मुआंग विमानतळावरून तिथे छोट्या विमानाने तास-सव्वातासात जाता येते. रस्त्याने ते अंतर जवळजवळ ५०० किलोमीटर आहे आणि गाडीला सात ते आठ तास लागतात. मुंबईहून रेल्वेने भुसावळ ओलांडून मलकापूर गाठावे, इतके लांब. माए सोटला लागून मोए नावाची नदी वाहते. नदीच्या पलीकडच्या काठावर म्यानमारचे म्यावाडी शहर. दोन्हींना जोडणारा मैत्री पूल १९९७ साली खुला झाला आणि तो अवघा ४२० मीटर लांबीचा आहे. नदी तर अशी, की उन्हाळ्यात काही ठिकाणी माणूस चालत पार करू शकतो.

पलीकडे, म्यावाडीच्या आसपास, उंच भिंतींच्या आत इमारतींच्या वसाहती आहेत. केके पार्क हे त्यांतले सर्वांत कुप्रसिद्ध नाव. बाहेरून आयटी पार्क वाटावे अशा या ठिकाणी हजारो लोकांना डांबून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणूक करून घेतली जाते. खोटे प्रेम, खोटी गुंतवणूक, खोटे क्रिप्टो. ज्यांना आपण 'सायबर ठग' म्हणून शिव्या देतो, त्यांच्यातले कित्येक जण स्वतः पासपोर्ट हिरावून घेतलेले कैदी असतात. टार्गेट पूर्ण झाले नाही तर मारहाण, विजेचे झटके आणि सुटकेसाठी घरच्यांकडून खंडणी, असे अनुभव परतलेल्यांनी सांगितले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० लोक अशा कामात जबरदस्तीने जुंपले गेले असावेत.

भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने २४ सप्टेंबर २०२२ रोजीच सावध केले होते. थायलंडमध्ये 'डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह' अशा पदांचे आमिष दाखवून शिकलेल्या, संगणक येणाऱ्या मुलांना बेकायदा सीमा ओलांडून म्यानमारमध्ये नेले जाते, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. तरी मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी माए सोटहून दोन दिवसांत २८३ आणि २६६ असे ५४९ भारतीय परत आणावे लागले. पुढच्या महिन्यात महाराष्ट्र सायबरने म्यानमारमधून साठाहून अधिक भारतीयांची सुटका झाल्याचे आणि पाच जणांना अटक केल्याचे जाहीर केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये केके पार्कवर म्यानमारच्या लष्कराने कारवाई केली, तेव्हा लोक नदी ओलांडून माए सोटला पळून आले. त्यांतल्या भारतीयांना नोव्हेंबरात परत आणले गेले, ६ तारखेला २७० आणि १० तारखेला १९७.

तीन वर्षे सूचना असूनही मुले जात राहिली, याचे खापर मुलांच्या 'लोभा'वर फोडणे फार सोपे आहे. बातम्यांखालच्या चर्चेत तेच दिसते. मला त्यात तथ्य वाटत नाही. जाळे कोणासाठी विणले आहे ते नीट पाहा. त्यांना थोडे इंग्रजी येणारा, टायपिंग येणारा, कॉल सेंटरचा किंवा दुकानातल्या बिलिंगचा अनुभव असलेला तरुण हवा. पदवी हातात आहे, पण नोकरी कंत्राटावर, अकरा महिन्यांची. असे किती जण आपल्या वस्त्यांत आहेत? कर्जत, खालापूर, नेरळमध्ये आपल्या पहिल्या शिकलेल्या पिढीतली मुले नेमकी याच जागी उभी आहेत. बापाने बिगारी केली, आईने फार्महाऊसवर काम केले, आणि मुलाकडे बी.कॉम.ची मार्कशीट आहे. त्याने खोपोलीच्या कारखान्यात हेल्परचे काम मागितले तर 'शिकलेला आहेस, टिकणार नाहीस' आणि मुंबईत ऑफिसची नोकरी मागितली तर 'लांब राहतोस, नाईट शिफ्टला कसा येशील?' अंतर इथेही आडवे येते.

आता कायद्यातली फट पाहा. परदेशी जाणाऱ्या कामगारांच्या संरक्षणासाठी आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. त्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते, आणि तो उमेदवाराकडून ३० हजार रुपये अधिक जीएसटीपेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. काही ठरावीक १८ देशांत कामासाठी जाणाऱ्या कमी शिकलेल्यांना सरकारी मंजुरी लागते. थायलंड त्या यादीत आहे. पण जो दहावी पास आहे, त्याच्या पासपोर्टला ही मंजुरी लागत नाही. कायदा असे गृहीत धरतो की शिकलेला माणूस स्वतःचे पाहून घेईल. कायदा लिहिला गेला तेव्हा डोळ्यांसमोर आखातात जाणारा गवंडी होता, टेलिग्रामवर इंटरव्ह्यू देणारा पदवीधर नव्हता. त्यामुळे ज्या शिक्षणाने आपल्या मुलाला गवंडीकामातून वर काढले, त्याच शिक्षणाने त्याला या संरक्षणाच्या चौकटीबाहेर नेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये या कायद्याऐवजी नव्या विधेयकाचा मसुदा सरकारने सूचनांसाठी खुला केला होता. आपल्या संघटनांमध्ये त्यावर किती बोलले गेले, हा प्रश्न मी इथे नुसता मांडून ठेवते.

दुसरी फट व्हिसाची. जुलै २०२४ पासून थायलंडने भारतीय पर्यटकांना ६० दिवसांपर्यंत व्हिसाविना प्रवेश देऊ केला. पर्यटनासाठी ही चांगली सोय आहे. पण या प्रवेशावर नोकरी करता येत नाही. नोकरीसाठी वेगळा व्हिसा आणि वर्क परमिट लागते. तेव्हा 'आत्ता पर्यटक म्हणून ये, तिथे आल्यावर परमिट करून देऊ' असे कोणी म्हटले, तर संभाषण तिथेच थांबवायचे. इमिग्रेशनवर 'फिरायला चाललो' असे खोटे बोलायला शिकवणारा मालक पुढे काय करायला लावेल, याचा अंदाज त्या एका वाक्यावरून येतो.

आणि तिसरी गोष्ट, अंतर. परराष्ट्र मंत्रालयाची पत्रके वाचायला प्रत्येकाला जमत नाही, पण नकाशा वाचता येतो. बँकॉकचे मोठे विमानतळ शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. विमानतळाची रेल्वे अर्ध्या तासात शहरात सोडते, आणि वाहतूक कितीही तुंबली तरी टॅक्सी दीड-दोन तासांच्या आत पोहोचते. म्हणजे 'ऑफिस बँकॉकमध्ये आहे' असे सांगून बसवलेली गाडी दोन तासांनंतरही धावतच असेल, तर ऑफिस बँकॉकमध्ये नाही. रस्त्यावर नाखोन सावन, काम्फेंग फेट, ताक ही नावे दिसू लागली, तर गाडी उत्तरेकडून पश्चिमेला, म्यानमारच्या सीमेकडे चालली आहे. आरण्यप्रथेटचे नाव दिसले तर पूर्वेला कंबोडियाच्या सीमेकडे. तिकडची सीमा आणखी जवळ आहे, चार तासांच्या आत. हा नकाशा निघण्यापूर्वी फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवायचा, कारण भारतीय सिम तिथे चालेलच असे नाही. दुपारच्या जेवणाला गाडी थांबते, पेट्रोल पंपावर थांबते. नदी ओलांडण्याआधीची ही शेवटची माणसे असतात. थायलंडच्या पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे आणि तिथे इंग्रजीत बोलता येते. नदी ओलांडल्यावर थाई पोलिसांचा हात पोहोचत नाही. १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर त्या पट्ट्यात सत्ता कोणाची, हेच रोज ठरते. सशस्त्र गट तिथल्या जमिनीचे मालक आहेत आणि वसाहतींच्या भाड्यावर जगतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये थायलंडने सीमेपलीकडची वीज तोडली, तरी जनरेटरवर धंदा चालू राहिला.

आपल्या वाचकांना एक गोष्ट विशेष सांगायला हवी. थायलंड, म्यानमार, कंबोडिया ही नावे आपल्याला परकी वाटत नाहीत. आपल्या विहारांत थायलंडहून आलेल्या बुद्धमूर्ती आहेत. १९५४ च्या डिसेंबरात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते, आणि तिथून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला केली. रंगून म्हणजे आजचे यांगोन. बँकॉक ते यांगोन विमानाने सव्वातासाचे, सुमारे ५८० किलोमीटरचे अंतर आहे, आणि म्यावाडी या दोन शहरांच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यात येते. बौद्ध देशांतल्या दोन मोठ्या शहरांच्या मध्ये माणसांचा बाजार भरतो, हे आपल्याला पटायला जड जाते. 'बौद्ध देश आहे, तिथे काय भीती?' ही भावना आपल्या घरांत आहे, आणि तिचा सन्मान राखूनच ती तपासायला हवी. पाली परंपरेत सम्राट अशोकाच्या काळातली नोंद आहे. तिसऱ्या संगीतीनंतर योनक धम्मरक्खित अपरांतात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत आले, आणि सोण व उत्तर हे दोन थेर सुवर्णभूमीला गेले. ती सुवर्णभूमी आपलीच, असा दावा म्यानमार आणि थायलंड दोघेही करतात. २००६ साली सुरू झालेल्या बँकॉकच्या विमानतळाला तेच नाव दिले आहे. कर्जतजवळची कोंढाणे लेणी पाहणाऱ्याला ठाऊक असते, की कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून घाटाकडे जाणाऱ्या व्यापारी वाटांवर ही लेणी कोरली गेली. अपरांत आणि सुवर्णभूमी एका धम्माने जोडले जायला महिने, वर्षे लागली. आज ते अंतर चार तासांचे झाले आहे. पण वाट धम्माची राहिली म्हणून वाटेवरचे सगळे प्रवासी धम्माचे होत नाहीत. तेव्हाही व्यापारी होते, चाचेही होते.

बुद्धाने उपासकासाठी जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत शस्त्र, मांस, मद्य आणि विष यांच्यासोबत सत्त्ववणिज्जा आहे. सजीवांचा, माणसांचा व्यापार. अंगुत्तर निकायातला हा उपदेश आपण सम्यक आजीविकेवर बोलताना बहुधा दारू आणि मांसापाशी थांबवतो. म्यावाडीतला धंदा हा शब्दशः सत्त्ववणिज्जा आहे. तिथे एका कंपनीने 'विकत घेतलेला' माणूस दुसऱ्या कंपनीला विकला जातो. अशा माणसाला सुटकेची एक अट घातली जाते. आणखी दोघा-तिघांना इकडे बोलाव. म्हणून कित्येकदा निरोप एखाद्या अनोळखी एजंटाकडून न येता शाळेतल्या मित्राच्या, चुलतभावाच्या नंबरवरून येतो. 'मी इथे मजेत आहे, तू पण ये.' अशा वेळी व्हिडिओ कॉल करायचा आणि लाईव्ह लोकेशन मागायचे. तो बँकॉकमध्ये असेल तर ते पाठवायला त्याला अडचण नसते. नाही पाठवले, तर मित्राला शिव्या देऊ नयेत. तो कदाचित अशा खोलीत बसला असेल, जिथे त्याच्या खांद्यामागे कोणीतरी उभे आहे.

परतलेल्यांबद्दल बोलणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. विमानातून उतरल्यावर त्यांची चौकशी होते आणि ती व्हायलाही हवी, कारण परतणाऱ्यांत काही जण स्वतः एजंट असू शकतात. पण घरी आल्यावर वस्तीतली चौकशी जास्त बोचते. कर्ज काढून गेला आणि हात हलवत आला. लोकांना फसवत होता म्हणे. यामुळे कुटुंबे तक्रार देत नाहीत आणि गावातला एजंट पुढच्या घराकडे वळतो. मानवी तस्करी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ खालचा गुन्हा आहे, आणि त्यात पीडिताच्या संमतीला महत्त्व नाही. 'तो स्वतःहून गेला होता' हे पोलीस ठाण्यात ऐकायला मिळालेले उत्तर कायद्याचे उत्तर नाही. समाजशास्त्राच्या वर्गात स्थलांतराचे 'ढकलणारे' आणि 'खेचणारे' घटक शिकवतात. तिसरा घटक क्वचितच शिकवला जातो. परतीची वाट बंद करणारी लाज.

मग काय, मुलांनी परदेशी जायचेच नाही? असे म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. बाबासाहेब १९१३ साली बोटीने न्यूयॉर्कला गेले ते शिकायला, आणि त्या जाण्याने आपले सगळ्यांचे आयुष्य बदलले. थायलंडमध्ये बौद्ध अभ्यासाची विद्यापीठे आहेत, खरी हॉटेले आहेत, खऱ्या कंपन्या आहेत. जावे. पण कोण बोलावतो आहे, हे आधी पाहावे. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी दोन मिनिटांत तपासता येते. नियुक्तीपत्रावर कंपनीचा पत्ता असतो. तो नकाशावर टाकावा, आणि विमानतळापासून किती किलोमीटर आहे ते पाहावे. थायलंडचे डिजिटल अरायव्हल कार्ड १ मे २०२५ पासून भरावे लागते, ते मोफत आहे. त्याचे पैसे मागणारा एजंट बाकी कशाकशाचे मागेल ते सांगायला नको.

हे काम विहारातून होऊ शकते. रविवारच्या वंदनेनंतर नकाशा लावायला दहा मिनिटे लागतात. बँकॉक, माए सोट, म्यावाडी, आरण्यप्रथेट या चार खुणा आणि मधली अंतरे, एवढेच. जाणाऱ्याने तिकिटाची, नियुक्तीपत्राची आणि पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत विहारातल्या एका जबाबदार माणसाकडे ठेवायची, आणि रोज ठरलेल्या वेळी लोकेशन पाठवायचे. महिला मंडळांकडे ही वही दिली तर ती नीट सांभाळली जाईल, असे मला अनुभवाने वाटते. बचतगटाचे हप्ते ज्या काटेकोरपणे लिहिले जातात, त्या काटेकोरपणे हेही लिहिले जाईल. शिवाय परदेशी नोकरीसाठी कर्ज मागितले गेले की ते सर्वांत आधी गटातच कळते.

घाई यासाठी की अंतरे आणखी कमी होणार आहेत. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून देशांतर्गत उड्डाणे सुरू झाली. पनवेल-कर्जत हा सुमारे ३० किलोमीटरचा उपनगरी मार्ग चिखले, मोहोपे आणि चौक अशा स्थानकांसह तयार होतो आहे. आज शेलूच्या माणसाला सहार गाठायला लोकल, मेट्रो आणि रिक्षा अशी तीन वाहने बदलावी लागतात. उद्या कर्जतला गाडी बदलून तो पनवेलला उतरेल आणि विमानतळ शेजारी असेल. ही आपल्या भागासाठी चांगली गोष्ट आहे, रोजगारासाठीही. पण चौक आणि कर्जतच्या नाक्यांवर 'फॉरेन जॉब'चे फलक त्याआधी लागतील.

येत्या १ मेच्या ग्रामसभेपुढे हा विषय ठेवता येईल. गावात परदेशी नोकरी लावून देणाऱ्या प्रत्येकाने आपला नोंदणी क्रमांक ग्रामपंचायतीत लिहून द्यावा, आणि तो फलकावर लावावा, असा ठराव. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते, तेव्हा विषयपत्रिकेत नाव येण्यासाठी अर्ज एप्रिलच्या मध्यापर्यंत ग्रामपंचायतीत द्यावा आणि पोच घ्यावी. ज्यांच्या घरचे कोणी आधीच गेले आहे आणि फोन लागत नाही, त्यांनी ग्रामसभेची वाट पाहू नये. परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवावी. एजंटने ऑनलाइन पैसे घेतले असतील तर १९३० वर फोन करावा, आणि त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा.